एका अक्षराची जागा

३ मार्च

दादा,

तीर्थरूप वगैरे लिहिणार नाही, तेवढा राग अजून शिल्लक आहे. पुन्हा फोन केलास तर ठेवून देईन, असं तू मला बजावलं होतंस. पत्राबद्दल काही बोलला नव्हतास, म्हणून पत्र.

तर ऐक. मला प्राणिसंग्रहालय मिळालंय! अख्खं! वाघापासून कासवापर्यंत सगळ्या पिंजऱ्यांच्या पाट्या, पत्र्यावर, हाताने, आणि सगळ्या इंग्रजीत. एप्रिलच्या पहिल्या रविवारी नव्याने उघडणार आहे, तोवर सगळं रंगवून टांगायचं. तिथल्या साहेबांनी आधी पाट्या तुझ्यासारख्यांकडून मशीनवर छापून घेतल्या होत्या. एका उन्हाळ्यात पांढऱ्या फटक पडल्या. वाघासमोर उभे राहून लोक विचारायचे, इथे काय आहे म्हणून. मी हसले नाही. म्हणजे साहेबांसमोर हसले नाही.

आता रडगाणं. इंग्रजी हे खातं तुझं होतं. तू आखायचास, मी रंग भरायचे, बाबा रस्त्यापलीकडे उभे राहून डोळे बारीक करून बघायचे. आता आखणीही माझी. बाकीची अक्षरं कशीबशी सरळ उभी राहतात, पण एस मला अजून जमत नाही. वरचं पोट मोठं होतं आणि तो पुढे झुकतो. आणि नेमका इथे एसचाच बाजार भरलाय. साहेबांनी नियमच केलाय, पिंजऱ्यात जेवढे तेवढेच पाटीवर. एकच प्राणी असेल तर एकवचन, जास्त असतील तर शेवटी एस. म्हणजे मला आधी पिंजऱ्यात डोकावून मोजायचं आणि मग ब्रश बुडवायचा. मला वाटलं, त्यात काय एवढं! पण काल मेंढ्यांच्या कुंपणाशी गेले, रंग तयार, शीपच्या पुढे एस आखायला खडू टेकवला आणि हात थबकला. काहीतरी खटकलं. तू एकदा त्या लोकरीच्या दुकानाची पाटी पुसायला लावली होतीस, ते आठवलं. पण का पुसली होती ते काही केल्या आठवेना. हरणांचंही तसंच काहीतरी होतं ना?

मेंढ्या आणि हरणं मी सध्या सोडून दिलीत. उत्तर दिलंस तर बरं. नाही दिलंस तर सगळ्यांना एस लावून मोकळी होते आणि खाली आपल्या दुकानाचं नाव टाकते.

तुझी ढवळी
(नाव तूच ठेवलं होतंस. जाताना म्हणालास, बस एकटी रंग ढवळत. बसलेय.)


१० मार्च

दादा! दादा! तुझं कार्ड आलं!

ना मायना ना सही, नुसती एक ओळ: “शीपला एस नाही, डिअरलाही नाही, फिशला विचारून लाव.” पोस्टमनने ते हातात दिलं आणि मी त्याला चहा पाजला. त्याला वाटलं कुणाचं तरी लग्न ठरलं. भांडण कुणी सुरू केलं त्यावर मी अवाक्षर काढणार नाही (तूच केलं होतंस, मशीन दुकानात आणायचा हट्ट धरून), पण चुकीची पाटी तुला बघवत नाही, हे अजून तसंच आहे म्हणायचं!

इथे काय धमाल चाललीय म्हणून सांगू. मेंढी एक असो की कळप, पाटी तीच. लांडग्याचं वेगळंच, दोन झाले की शेवटचा एफ जातो आणि व्ही येतो. एका गूसची दोन गीस होतात, मधलीच अक्षरं बदलतात, बाहेर काही लावायचं कामच नाही. पोपटांच्या जाळीशी मोजायला उभी राहिले तर ते एका जागी बसतील तर शपथ. शेवटी साहेब म्हणाले, बाई, पोपट नक्की एकाहून जास्त आहेत, लावा एस. सापाच्या काचेआड मात्र एकच साप दिसतो. दुसरा आहे असं म्हणतात, खडकामागे. मी म्हटलं, दिसेल तेव्हाच रंगवीन. सगळी दुपार काचेला नाक लावून बसले. शाळेची मुलं आली होती, आधी सापाकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

इथे एक गृहस्थ आहेत, बादलीकाका. हातात सदानकदा मासळीची बादली, म्हणून हे नाव. पाणमांजरं त्यांच्याकडे असतात. असतात कसली, एकच आहे, एक नर. त्याला ते बुवा म्हणतात. त्याची जोडीदारीण गेल्या वर्षी गेली, तेव्हापासून बुवा पाण्यात उतरतो, एक फेरी मारतो आणि परत कोपऱ्यात जाऊन बसतो. आता दुसरीकडून एक मादी आणलीय. तिचं नाव अजून ठेवलेलं नाही, सगळे पाहुणीच म्हणतात. दोघांमध्ये जाळी आहे.

मी म्हटलं, चला, दोन झाले, ऑटरला एस लावते. खडू काढला तर काका पाटीसमोर आडवे उभे राहिले.

“थांबा बाई. अजून नाही.”

“का? मला तर दोन दिसतायत.”

“दिसतायत खरे. पण अजून दोघं झालेली नाहीत. आमच्यात एक रीत आहे. नवा प्राणी आला की जोवर तो जुन्याबरोबर एका ताटात खात नाही, तोवर पाटी बदलायची नाही. पाणमांजर आपल्या माशाला दुसऱ्याला तोंड लावू देत नाही. आणि ज्या दिवशी लावू देईल, त्या दिवशी तुम्ही दोन काय, दहा एस लावा.”

साहेबांच्या हिशेबाने दोन आणि काकांच्या हिशेबाने एकच! साहेबांना विचारलं, तर ते हसले. म्हणाले, काका म्हणतायत तर थांबा, पण उद्घाटनापर्यंतच. तोवर जमलं नाही तर पाहुणीला परत पाठवावं लागेल, शेजारी शेजारी कुढत ठेवण्यात अर्थ नाही.

तर मी थांबलेय. तुझी तब्येत कशी आहे ते विचारत नाही. कार्डावरचं अक्षर सरळ होतं, त्याअर्थी बरी असणार.

ढवळी


१७ मार्च

दादा,

गेल्या पत्राला कार्ड आलं नाही. हरकत नाही. सगळं ठीक लिहिलं असणार मी, तुला सुधारायला काही सापडलं नसेल.

उद्या मुंगसांची पाटी करतेय. बादलीकाका म्हणाले, हे नाव इंग्रजीने आपल्याकडूनच उचललंय, आपलं मुंगूस तिकडे जाऊन मंगूस झालं. ऐकून काय छाती फुगली माझी! इथे तीन मुंगसं आहेत, आणि मला आता नियम तोंडपाठ आहेत. गूसचं गीस होतं, तसं मंगूसचं मंगीस. मोठ्या, लाल अक्षरांत करणार आहे, मुख्य रस्त्यावरच लागते ती पाटी, येणारा प्रत्येक जण वाचेल. खाली आपल्या दुकानाचं नावही घालतेय, बाबांच्या वळणात.

बुवा आणि पाहुणी आता जाळीच्या दोन बाजूंना नाकाला नाक लावून झोपतात. काका तिचं गवत त्याच्याकडे टाकतात आणि त्याचं तिच्याकडे, वासाची ओळख व्हावी म्हणून. पुढच्या आठवड्यात जाळी उघडणार.

तुझीच ढवळी


१९ मार्च

दादा, तू फोन केलास!

मला नाही, ते जाऊ दे, प्राणिसंग्रहालयाच्या ऑफिसात केलास, पण केलास! तिथल्या बाई धापा टाकत मुंगसांपर्यंत पळत आल्या. “तुमच्या भावाचा फोन होता. म्हणाले, तिच्या हातातला ब्रश आधी काढून घ्या. मंगीस नसतं, मंगूसेस असतं. आणि म्हणाले, बाबांचं वळण त्या पाटीखाली घातलंस तर याद राख.”

मी विचारलं, आवाज कसा होता. त्या म्हणाल्या, ओरडत होते हो. काय बरं वाटलं मला! किती दिवसांत तू माझ्यावर ओरडला नव्हतास.

आता हे मी मुद्दाम लिहिलं होतं असा गैरसमज करून घेऊ नकोस.

(मुद्दामच लिहिलं होतं. पाटी आधीच बरोबर रंगवून, वाळवून, टांगून झाली होती. ये आणि बघ.)


२६ मार्च

दादा,

आज फार उड्या मारण्यासारखं काही नाही. जाळी उघडली. पहिला दिवस छान गेला, पाण्यात दोघांनी एकमेकांच्या मागे फेऱ्या मारल्या. काकांनी टोपी काढून डोळे पुसले आणि घाम आला म्हणाले. दुसऱ्या दिवशी एका ताटात मासे ठेवले, पाहुणीने तोंड घातलं आणि बुवाने तिचा कान फोडला. रक्त आलं. पुन्हा जाळी ओढली. मी भेटले तेव्हा काका एवढंच म्हणाले, “त्याचं चुकलं नाही. एकटं खायची सवय लागली की असंच होतं.”

मी पाणमांजरांबद्दलच लिहितेय. उगाच आपल्या अंगाला लावून घेऊ नकोस.

त्यात ती पाटी! मी काय केलंय, तुला सांगायलाच हवं, कारण तू ती बघितलीस तर मूर्च्छा येऊन पडशील. ऑटरची पाच अक्षरं मधोमध बसवली, तर मागाहून सहावं कोंबावं लागेल, आणि कोंबलेलं अक्षर म्हणजे बसमध्ये तिघांच्या सीटवर बसलेला चौथा माणूस, असं बाबा म्हणायचे. म्हणून मी आखणी सहा अक्षरांची केली आणि भरली पाचच. शेवटची जागा कोरी. पाटी डावीकडे सरकलेली दिसते, लंगडी. येणारा-जाणारा हसतो. माळ्याने तर विचारलं, बाई, पत्रा जास्त झाला की शब्द कमी पडला? साहेबही आज म्हणाले, उद्घाटनाला मोठी माणसं येणार, ही पाटी नीट मधोमध करून घ्या, नाहीतर ही एक मी बाहेरून छापून आणतो.

मी नाही म्हणाले. पुढचं काम गेलं तरी चालेल म्हणाले. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मीही माझ्याकडे बघत राहिले असते, आरसा असता तर.

मला मधोमध करायची नाहीये, दादा. एकदा मधोमध केली की ती जागा गेली. मग पुढे कधी दोघांचं जमलं, तरी पाटीला त्याचं काही सोयरसुतक उरत नाही.

ढ.


३० मार्च

दादा,

घाईत लिहितेय, अक्षराकडे बघू नकोस.

काल घरी आले ती तणतणतच. म्हटलं, माझी पाटी लंगडी म्हणतात, आमच्या घरातच लंगडी पाटी आहे, रक्तातच असणार. तुला आठवतं ना, आपण किती हसायचो? जगाला मधोमध आखायला शिकवणारा माणूस, आणि स्वतःच्या दुकानावर इंग्रजीत ‘पेंटर’ लिहिलंय ते डाव्या भिंतीला जाऊन चिकटलंय. तू म्हणायचास, बाबांनी ही सर्दी झालेली असताना रंगवली. बाबा नुसते हसायचे.

तर म्हटलं, निदान धुऊन तरी काढू. आज उठल्या उठल्या शिडी लावली आणि साबणाचं पाणी घेऊन चढले. सकाळचं ऊन तिरपं येत होतं. शेवटच्या अक्षराच्या उजवीकडे पुसता पुसता बोटाला काहीतरी लागलं. ओरखडे. बाबा आखणी खिळ्याने करायचे ना, खडू पुसला जातो म्हणून? तीच आखणी. वरची रेघ, खालची रेघ, मधे चौकट, बाकीच्या अक्षरांच्याच मापाची. आणि चौकटीत हलकासा एक एस, दादा! बाबांचा एस, वरचं पोट लहान, खालचं मोठं, ताठ बसलेला. आखून ठेवलेला आणि कधीच न भरलेला.

मी शिडीवरच बसले. समोरचे चपलांचे दुकानदार ओरडले, उतरा खाली, पडाल. मला उतरवेना.

ती पाटी टांगली तेव्हा मी रांगत होते, तू पाटीपेन्सिल खात होतास. एवढ्याशा पोरांसाठी त्या माणसाने जागा सोडून ठेवली आणि जन्मभर लोकांचं हसणं ऐकून घेतलं. मग पुढे भरली का नाही? मी सकाळभर तोच विचार करतेय. मला वाटतं, त्यांनी ब्रश उचलला की आपण दोघं भांडायला लागायचो. म्हणायचे असतील, थांबू अजून थोडं. ते काही बादलीकाकांना ओळखत नव्हते, पण दोघांची रीत एकच निघाली.

मला तू हवा आहेस, दादा. पाटीसाठी नाही. तू हवा आहेस. मशीन आण नाहीतर रणगाडा आण, मागच्या खोलीत जागा करते. ते काय ओरडायचंय ते इथे येऊन ओरड.

बाबांचे ओरखडे पुसट झालेत. पुन्हा आखावे लागतील आणि माझा एस पुढे झुकतो, हे तुला माहीतच आहे.

तुझी धाकटी


५ एप्रिल, सकाळ
(चहाच्या डब्याखाली ठेवलीय. उठलास की चहाच शोधशील.)

दादा,

तुला उठवत नाहीये. काल संध्याकाळी दारात उभा राहिलास, पिशवीसुद्धा खांद्यावरून उतरवली नाहीस, आणि पहिलं वाक्य काय, तर “मला फक्त ती पाटी बघायचीय, उद्या दुपारची गाडी आहे.” मग शिडीवर चढलास, बोटाने चौकट चाचपलीस आणि खाली उतरलास तो बोलेचनास. जेवायलाही नको म्हणालास. भूक नाही म्हणे. आपण दोघं गप्प बसलेले बाबांनी बघितलं असतं तर डॉक्टर बोलावला असता.

आता बातमी! बादलीकाकांचा फोन आला, आत्ता! पलीकडून आधी नुसताच श्वास ऐकू आला, मला वाटलं काहीतरी वाईट झालं. आणि मग म्हणाले, “बाई, खाल्लं. एका ताटात. तिने डोकं घातलं, तो गुरगुरला, मग सरकला आणि तिला जागा करून दिली. बादली संपली तरी दोघं ताट चाटतायत. या लवकर, ब्रश घेऊन या!” माणूस रडत होता, दादा, आणि यावेळी घामाचं नावही काढलं नाही. साहेब स्वतः शिडी धरून उभे आहेत म्हणाले. मी पळतेय. उद्घाटनाआधी तो एस वाळला पाहिजे. तिथली आखणी माझीच आहे, झुकलेली तर झुकलेली, पाहुणीला चालेल.

तुझ्यासाठी अंडी आणि ब्रेड ठेवलाय, झाकून. एकच ताट आहे. अर्धं मी खाल्लंय आणि अर्धं तुझं आहे. नको असेल तर झाकण तसंच राहू दे आणि दुपारची गाडी पकड. मी रागावणार नाही. रागावेन, पण पत्र लिहिणार नाही.

खाल्लंस, तरच पाटीकडे जा. खिळा बाबांच्या डब्यात आहे, आणि शिडी तू कालची हलवलेली नाहीस.

ढवळी


(चिठ्ठीच्या मागच्या बाजूला, सरळ अक्षरात)

अंड्यात मीठ घालायला विसरलीस. तरी संपवलं. ताट धुऊन ठेवलंय.

गाडीचं नंतर बघू.

एस आखलाय. रस्त्यापलीकडे जाऊन, बाबा उभे राहायचे तिथून बघितलं. पाटी मधोमध आलीय.

रंग तू भर.